सोनेरी ओक, दोन्ही बाजूंनी

त्या दिवशी सकाळी नेमकेराव पुढच्या खोलीची खिडकी उघडायला गेले आणि खिडकी हातात घेऊनच परत आले. अख्खी नव्हे, नुसता उजवा पल्ला. उजवा म्हणजे घरात उभं राहून बघणाऱ्याचा उजवा. हा खुलासा आम्ही केला नसता तर ते स्वतः येऊन करून गेले असते, म्हणून आधीच केलेला बरा.

नेमकेराव हे नाव त्यांना ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. वजनमापे खात्यात ते निरीक्षक. दुकानदाराचा काटा केसभर जरी हलका असला तरी यांना दारातूनच कळायचं म्हणे. बायको ‘दोन मिनिटांत आले’ म्हणाली की हे घड्याळ लावून बसायचे, आणि ती सव्वापाच मिनिटांनी आली की तोंडातून अक्षर न काढता नुसते घड्याळाकडे बघायचे. अशा माणसाबरोबर त्या बाईने सत्तावीस वर्षं संसार केला. लोक कशाकशाला हात जोडतात, आम्ही तिला जोडतो.

तर पल्ला हातात. बिजागरी चौकटीतच राहिली होती आणि चौकटीला बोट लावावं तर लाकूड भुस्कटासारखं गळत होतं. आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून आली. तिला दुःख झालं असं म्हणवत नाही.

"निघाली एकदाची!" ती म्हणाली. "आता सगळ्याच बदलू या. नऊच्या नऊ. थंडीत वारा शिट्ट्या वाजवत घरात फिरतो. हवा जरा दमट झाली की फुगून बसतात आणि मग हलायचं नाव नाही. अगदी तुमच्यासारख्या."

"हळू बोल, बाबा ऐकतील," नेमकेराव म्हणाले.

सगळी मेख तिथेच होती. त्या नऊ खिडक्या बाबांच्या हातच्या. बाबा म्हणजे नेमकेरावांचे वडील. वय वर्षं ऐंशी, हयात गेली सुतारकामात. बावन्न वर्षांपूर्वी, नेमकेराव जन्माला यायच्या बेतात असताना, त्यांनी हे घर उभं केलं आणि खिडक्या स्वतः ठोकल्या. अजूनही वर्षातून एकदा ते स्टुलावर चढत, एकेक पल्ला उतरवत, रंधा मारत, तेल पाजत आणि परत चढवत. ते चार दिवस घरात कुणी त्यांच्या वाऱ्याला उभं राहत नसे. नेमकेराव तर शाळेत असल्यापासून येईल त्याला खिडक्या दाखवायचे, "माझ्या बाबांनी केल्यात." आणि आता त्याच बाबांना सांगायचं, की तुमच्या खिडक्या भंगारात आणि त्या जागी प्लास्टिक?  बाप कधी रागावला तर चालतं हो, पण त्या वयात तो गप्प झाला तर काय करायचं?

दोन दिवस पल्ला सुतळीने बांधून ठेवला आणि दोन दिवस नेमकेरावांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी बाबा सकाळी फिरायला गेल्यावर त्यांनी बायकोला योजना सांगितली. हल्ली हुबेहूब लाकडासारख्या दिसणाऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे टणक प्लास्टिकच्या, खिडक्या मिळतात. बाबांची नजर आता अधू झाली आहे. त्यांना आठ दिवस बहिणीकडे, ताईकडे पाठवायचं, तेवढ्यात नव्या खिडक्या बसवायच्या, आणि आल्यावर सांगायचं की रंग काढला.

"तुम्ही? आणि खोटं बोलणार?" बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"खोटं कुठलं? नवीन रंग असणारच आहे त्यांना," नेमकेराव म्हणाले. पण कान लाल झाले होते.

पहिली पायरी मोजमापाची. कंपनीचा माणूस येऊन मापं घेणार होता, पण वजनमापे खात्याच्या निरीक्षकाच्या घरी परका माणूस टेप घेऊन येतो म्हणजे काय? अब्रूचा प्रश्न. बाबा दुपारी पडले की नेमकेराव पोलादी पट्टी घेऊन खोल्याखोल्यांतून मांजराच्या पावलाने फिरायचे. तेव्हा त्यांना प्रथमच कळलं की बावन्न वर्षं आपण राहतो त्या घरात एकही खिडकी काटकोनात नाही. एक वर रुंद, एक खाली रुंद, आणि माजघरातली तर चारी बाजूंनी वेगळी. नेमकेराव पुन्हा पुन्हा मोजत होते आणि पट्टीवरचा विश्वास उडत चालला होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय मोजतोस रे?"

"पडदे," नेमकेराव म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"पडद्याला मिलिमीटर लागतो?"

"हल्ली लागतो, बाबा."

झालं. एक थाप मारली की तिला सोबतीला दुसरी लागते. त्या दिवसापासून बाबा रोज चहाला विचारायला लागले, "पडदे कधी येणार?" शेवटी बायको जाऊन नऊ खिडक्यांचं पडद्याचं कापड घेऊन आली. खिडक्यांचा अजून पत्ता नव्हता, पण पडदे मात्र शिवून तयार झाले.

मग रंग जुळवायचा. कंपनीचं रंगांचं पुस्तक घरी आणणं धोक्याचं, म्हणून नेमकेरावांनी ठरवलं की निखळलेला पल्लाच शोरूमला न्यायचा. बाबा फिरायला गेले की दीड तास मोकळा. (एक तास सव्वीस मिनिटं, खरं तर.) पल्ल्याची काच आधीच काढून ठेवली होती. रिकामा पल्ला काखेत मावेना, डोक्यावर धरावा तर दिसेना. अखेर एक हात आणि मान त्यातून बाहेर काढून तो खांद्यावर अडकवला आणि निघाले. कोपऱ्यावरच शेजारचे काका भेटले. यांना आळीत स्वानुभवकाका म्हणतात. जगात असा विषय नाही ज्यात काकांना स्वानुभव नाही.

"काय हे, खिडकीत उभे?" काका म्हणाले.

"दुरुस्तीला नेतोय."

"शाब्बास! स्वानुभव सांगतो, प्लास्टिकच्या नादी लागू नका. माझ्या मेव्हण्याने लावल्या. उन्हात वाकल्या, थंडीत तडकल्या, आणि त्याची बायको माहेरी गेली."

"खिडक्यांमुळे?"

"ते मी विचारलं नाही. पण लाकूड ते लाकूड!" असं म्हणून काकांनी पल्ल्यातून हात घालून नेमकेरावांचा खांदा थोपटला. पुढे बसमध्ये कंडक्टरने विचारलं, खिडकी घरून का आणली, बसला आहेत ना? सगळी बस हसली. नेमकेरावांनी शासकीय अधिकाऱ्याच्या नजरेने बघून पाहिलं, पण गळ्यात खिडकी असताना त्या नजरेला काही वजन राहत नाही.

शोरूममधला विक्रेता भलताच गोड बोलणारा होता. त्याने पल्ला टेबलावर आडवा केला आणि त्याच्याशेजारी पट्ट्या मांडल्या. "सर, हा अक्रोड. हा महोगनी. आणि हा, तुमच्यासाठीच बनलाय, गोल्डन ओक."

"काय ओक?"

"गोल्डन ओक, सर. सोनेरी ओक. सगळे ओकच घेतात. आमच्याकडे वर्षभर ओकच चालू असतं."

नेमकेरावांना मळमळल्यासारखं झालं, पण रंग खरोखर जुळत होता. तेलाने पिवळसर झालेलं जुनं लाकूड, बारीक रेषा, मध्येच एखादी गाठ. डोळे बारीक केले तर फरक ओळखू येईना. विक्रेत्याने विचारलं, ओक एका बाजूने हवं की दोन्ही बाजूंनी? एका बाजूने घेतलं तर आतून पांढरं राहतं. बाबा तर आतच बसणार. नेमकेराव म्हणाले, विचार करून फोनवर कळवतो.

मध्ये नगरपालिका आली. ही आळी जुनी, म्हणून रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडक्या बदलायला परवानगी लागते आणि त्या लाकडी दिसायला हव्यात. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी नमुन्याच्या पट्टीवर पेन आपटून पाहिलं. "लाकूड आहे. लिहा, लाकूड."

"लाकूड नाही, बाई. लाकडासारखं आहे."

"आमच्या अर्जात लाकूड आणि लोखंड असे दोनच रकाने आहेत. ‘सारखं’ला रकाना नाही."

"पण खोटं कसं लिहू? मी स्वतः सरकारी नोकर आहे."

"मग तुम्हाला कळायला हवं," बाई म्हणाल्या आणि मागच्याला पुढे बोलावलं. नेमकेराव तीन वेळा रांगेत लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी ‘लाकूड’वर खूण केली आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात ‘सदृश’ लिहिलं. बाईंनी चष्मा काढून शिक्का मारला. इतकी वर्षं आपल्यासमोर अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या दुकानदारांचे चेहरे त्या दिवशी नेमकेरावांना एकेक करून आठवले, आणि बस येईपर्यंत ते जरा नरम होते.

आता उरला फोन. आणि त्या फोनने घात केला.

बाबा आंघोळीला गेलेत अशी खात्री करून नेमकेराव दाराआड उभे राहिले आणि हलक्या आवाजात विक्रेत्याशी बोलू लागले. बाबा आंघोळीला गेले होते खरे, पण टॉवेल विसरले म्हणून परत आले होते. नजर अधू असली तरी त्यांचे कान तीस वर्षांच्या माणसाचे. त्यांना ऐकू आलं ते एवढंच:

"हो, ओकच... सोनेरी ओक... नाही, एका बाजूने नको, दोन्ही बाजूंनी... हो हो, बायकोशी बोललो, तीही ओकच म्हणते... नऊ..."

बाबा टॉवेल न घेताच मागे फिरले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सून कणीक मळत होती.

"सूनबाई, ठेव ते आधी! नऊ वेळा झालं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"काय झालं बाबा?"

"ओकाऱ्या गं! सोनेरी म्हणजे पित्त आहे ते. आणि वर दोन्ही बाजूंनी! अशा अवस्थेत कणीक मळतेस?"

दारात आलेल्या नेमकेरावांनी बायकोकडे बघून हात जोडले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, कणकेकडे पाहिलं, आणि सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने ओळखलं की खिडक्या हव्या असतील तर आजारी पडायला हवं. ती पोट धरून खाली बसली.

पुढच्या तासाभरात काय काय झालं ते विचारू नका. बाबांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काही सापडलं नाही, म्हणून चार औषधं लिहून दिली. स्वानुभवकाका आल्याचा रस घेऊन आले, त्यांच्या सौभाग्यवती लिंबाचं सरबत घेऊन आल्या, त्यांनी उलट्यांचा आकडा ऐकला आणि नेमकेरावांच्या बायकोच्या कानाशी लागून हसत विचारलं, "या वयात का गं?" बातमी संध्याकाळपर्यंत आळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पेढे कधी असं विचारायला परत आली. नेमकेरावांना आठवडाभर मान वर करून चालता येईना.

यात सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती निराळीच. बाबांनी ताईकडे जायला साफ नकार दिला. "घरात आजारी माणूस टाकून मी मुलीकडे हवा खायला जाऊ? लोक शेण घालतील तोंडात." आणि खिडक्या तर गुरुवारी येणार होत्या.

वाट बायकोनेच काढली. बुधवारी सकाळी उशीवरून क्षीण आवाजात ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणाले हवापालट हवा. ह्यांना रजा नाही. तुम्ही न्याल का मला ताईंकडे?" म्हाताऱ्याने तासाभरात पिशवी भरली. निघताना ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "आठ दिवस तुमच्या बहिणीच्या हातची पेज पिणार आहे मी. आयुष्यभर लक्षात ठेवा."

गुरुवारी दोन कारागीर आले, सख्खे भाऊ, तोंडात स्क्रू धरून बोलणारे. जुन्या चौकटी काढायला त्यांनी पहार लावली आणि चौकटी एवढ्या सहज सुटल्या की जणू त्याच वाट बघत होत्या. नेमकेराव प्रत्येक पल्ला दोन्ही हातांनी उचलून मागच्या अंगणात ठेवत होते. शेवटच्या पल्ल्यावर वडिलांच्या रंध्याच्या खुणा हाताला लागल्या आणि त्यांना एकदम भरून आलं. आपण बापाला फसवतोय, हे इतके दिवस पळापळीत जाणवलं नव्हतं, आता जाणवलं. पण आता चौकटीही गेल्या होत्या.

शनिवारी दुपारी आठ खिडक्या बसल्या, नववी बसत होती, आणि दारात रिक्षा थांबली. पुढे बाबा, मागे बायको. ती बाबांच्या पाठीमागून दोन्ही हात हलवून खुणा करत होती. झालं होतं असं की ताईने पहिल्याच दिवशी पेजेऐवजी साग्रसंगीत स्वयंपाक केला, आणि बायकोचा निग्रह सुटला. दुसऱ्या दिवशीही तिने वाढून वाढून घेतलं. सून ठणठणीत झाली असं बघून बाबांनी परतीचं तिकीट काढलं.

बाबा आत आले. पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेले. चौकटीवरून तळवा फिरवला, बोटाच्या पेराने टकटक केलं, नाक लावून वास घेतला.

"रंग काढला, बाबा," नेमकेराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"असं?" बाबा आणखी वाकले. "ही गाठ बघ. झकास गाठ आहे." मग ते दुसऱ्या खिडकीशी गेले. मग तिसऱ्या. मागे नेमकेराव, त्यांच्या मागे बायको, तिच्यामागे तोंडात स्क्रू धरलेले दोघे भाऊ, अशी वरात सगळ्या घरातून फिरली. नवव्या खिडकीशी बाबा थांबले.

"नऊ खिडक्या, नऊ गाठी. सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. प्रत्येक गाठ कोपऱ्यापासून एक वीत."

"एकवीस सेंटीमीटर चार मिलिमीटर," नेमकेराव सवयीने बोलून गेले.

 थोरल्या भावाच्या तोंडातला स्क्रू खाली पडला.

"चुकलो, बाबा," नेमकेराव म्हणाले. "प्लास्टिक आहे. तुमच्या खिडक्या मी काढल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवलं, उलट्यांचंसुद्धा खोटं होतं. तुम्ही हवं ते बोला मला." 

बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी कपाळ चोळलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बायको घाबरून पुढे झाली, तर म्हातारा हसत होता.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "ओल्या लाकडाच्या होत्या त्या! तू येणार म्हणून घाई. उघड्याबोडक्या घरात तुझ्या आईला कसं आणू? मिळालं ते ओलं लाकूड घेतलं आणि सहा दिवसांत नऊ खिडक्या ठोकल्या. वर्षभरात सगळ्यांना पीळ पडला. एक धड काटकोनात नाही. बावन्न वर्षं मी रंधा नाही मारत रे, माझी चूक तासतोय."

"मग बदलल्या का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बदलू? तू आपला एवढासा होतास तेव्हापासून येईल त्याला सांगायचास, माझ्या बाबांनी केल्यात. तुझं मन मोडायचं का?"

"आणि लोक विचारायचे तेव्हा?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "तू नसलास की सांगायचो, दुसऱ्या सुताराने केल्या. त्याच्या नावाने दोन शिव्याही घालायचो."

यावर आधी बायको हसली, मग दोघे भाऊ, आणि शेवटी नेमकेराव इतके हसले की डोळे पुसायला त्यांनी नव्या पडद्याचं कापड ओढलं. बाबा उठून खिडकीशी गेले. एका बोटाने पल्ला ढकलला. तो निमूट उघडला. एका बोटाने ओढला, मिटला. मग म्हातारा लहान पोरासारखा उघडझाप करत सुटला, कुरकुर नाही, धक्का नाही, शिवी नाही. "वा रे वा!" म्हणत होता. नेमकेराव शेजारी उभे राहून बघत होते आणि त्यांना इतकं हलकं वाटत होतं की काट्यावर उभे राहिले असते तर काटा हलला नसता.

तेवढ्यात रस्त्यावरून स्वानुभवकाका थबकले. चष्मा वर करून त्यांनी नऊपैकी दिसतील तेवढ्या खिडक्या न्याहाळल्या.

"व्वा! याला म्हणतात अस्सल लाकूड. स्वानुभव सांगतो, असं काम हल्ली होत नाही. कुणी केल्या हो?"

बाबांनी मुलाकडे पाहिलं, मग चौकटीवर ऐटीत कोपर टेकवलं.

"मीच," ते म्हणाले. "बावन्न वर्षं लागली, पण जमल्या एकदाच्या." आणि एका बोटाने त्यांनी खिडकी लावून घेतली.